फिरायला की भेटायला

"आल्झो, फिरायला चाललाय की भेटायला?"

तिकिटाचा विषय काढला की काकांचा हा पहिला प्रश्न असायचा, आणि त्याआधी जर्मन लोकांसारखं 'आल्झो', म्हणजे 'तर मग'. कुठं जायचंय, किती जण आहात, कधी निघणार, हे सगळं नंतर. चौकटीच्या कागदांची वही उघडायची, कानामागची पेन्सिल काढायची, कोऱ्या पानाच्या कोपऱ्यावर टेकवायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. उत्तर आलं की त्या कोपऱ्यात 'फि' किंवा 'भे' असं एक अक्षर पडायचं आणि मगच खालचं पान सुरू व्हायचं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला या प्रश्नाची गंमत वाटायची. मलाही वाटली होती. आम्ही तेव्हा प्रागला निघालो होतो आणि मी हसत म्हटलं होतं, की प्रागला कुणी भेटायला जातं का काका, लोक पूल बघायला जातात. त्यांनी वहीतून मान वर केली नाही. "जातात की," एवढंच म्हणाले, आणि 'फि' लिहिलं.

न्युरेम्बर्गला आमच्याच इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही पहिल्या. गिअरबॉक्सची ड्रॉइंग करण्यात त्यांनी इथल्या एका मोठ्या कंपनीत तीस वर्षं काढली होती आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मूळचे विट्याचे. विट्याला रेल्वे नाही. ज्या गावाला रूळच नाहीत, त्या गावचा माणूस अर्ध्या युरोपचं वेळापत्रक पाठ करून बसला होता. लग्न केलं होतं, ते मोडलं होतं, यापुढे त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही. दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणायचे. मीही इथं तेवढंच म्हणते.

परदेशात राहिला असाल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. एकाला पासपोर्टचे फॉर्म भरता येतात, एकीला ताजी कढीपत्त्याची पानं कुठं मिळतात ते ठाऊक असतं. आमच्याकडं तिकिटं काकांकडं होती. कुणाचे आईवडील आले, कुणाचे सासूसासरे आले, की आठवडाभरात ती मंडळी तिसरा मजला चढायची.

इथल्या तिकिटांचा कारभार थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं, पण मग ते त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. दुसऱ्या देशात जायचं असेल तर दोन वाटा. एक सलग तिकीट. ते महाग, पण वाटेत एखादी गाडी रखडली आणि पुढची चुकली, तर त्याच तिकिटावर नंतरच्या गाडीत बसता येतं. दुसरी वाट तुकड्यांची. सीमेपर्यंत एक तिकीट, सीमेपलीकडं दुसरं, पुढं तिसरं, आणि प्रत्येक तुकडा ज्या देशाच्या रेल्वेकडं स्वस्त असेल तिथून घ्यायचा. गाडी तीच, खुर्ची तीच, पैसे निम्मे. फक्त मधली एक गाडी चुकली की पुढचे तुकडे रद्दीत.

तुकडे करण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या एका कुटुंबाला त्यांनी चार गावं आणि तीन सीमा अशा काही फिरवून आणल्या, की त्या गृहस्थांनी परत आल्यावर आधी हिशेब तपासला आणि मग फोटो दाखवले. बर्लिनला शिकणाऱ्या एका मुलीला त्यांनी ग्योर्लित्सला उतरवलं, पुलावरून चालत पोलंडमध्ये नेलं आणि पलीकडच्या स्टेशनातून गाडीत बसवलं. ती म्हणे पुलाच्या मधोमध उभी राहून त्यांना फोनवर विचारत होती, की काका, मी आत्ता कुठल्या देशात आहे. काकांनी तिला चालत राहायला सांगितलं.

कुणाचे नऊ युरो वाचले की काकांना नातू झाल्यासारखा आनंद व्हायचा, असं माझा नवरा समीर म्हणायचा. आणि ते नऊ युरो दुसऱ्याचे असायचे. स्वतः काका स्टेशनवर कधी कॉफी घ्यायचे नाहीत, थर्मास घेऊन जायचे. मी एकदा त्यांना विचारलं, की यातलं एखादं गाव तुम्ही स्वतः बघितलंय का. म्हणाले, "स्टेशनं बघितलीत सगळी." आणि त्यात त्यांना काही कमीपणाही वाटत नव्हता.

म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र ते वेगळा कागद करायचे. मोठ्या देवनागरी अक्षरांत, एका ओळीत एकच गोष्ट. 'इथं उतरू नका. अजून दोन स्टेशनं.' 'डावीकडं लिफ्ट आहे. जिना नको.' स्टेशनचं नाव गाडीत जसं पुकारतात तसंच लिहायचं, पाटीवर असतं तसं नाही, कारण पाटी दिसेपर्यंत गाडी सुटते, असं त्यांचं म्हणणं. निघायच्या आदल्या दिवशी ते स्वतः न्युरेम्बर्गच्या स्टेशनवर जाऊन त्या प्लॅटफॉर्मची लिफ्ट चालू आहे का ते बघून यायचे आणि फोन करायचे. फोनवर एकच वाक्य असायचं, लिफ्ट चालू आहे.

'फि' च्या पानावर ते गाड्यांमध्ये जेमतेम वेळ ठेवायचे. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. त्यात काही धोका नाही का, असं कुणी विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "फिरायला चाललेल्या माणसाची गाडी चुकली तर काय बिघडत नाही. त्याला एक गाव जास्त बघायला मिळतं." 'भे' च्या पानावर काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. तशी वेळ आली नव्हती.

ती दोन उन्हाळ्यांपूर्वी आली. माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, नाशिकहून आमच्याकडं आल्या होत्या. इतक्या तासांच्या विमानात त्यांचा पाय सुजला आणि इथं आल्यावर पोटरीत रक्ताची गुठळी निघाली. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, की तीन महिने विमान नाही आणि एका जागी दोन तासांहून जास्त बसायचं नाही.

आई खरं तर आमच्यापेक्षा भावासाठी आल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ, आमचे मामा, इटलीत त्रिएस्तेला असायचे. तिथल्या एका संशोधन संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली आणि ते तिथंच राहिले. नऊ वर्षांत बहीणभावांची भेट नव्हती. आईंच्या बॅगेत त्यांच्यासाठी भाजणी होती, डांगर होतं आणि एक मफलर होता, जो त्यांनी स्वतः विणला होता आणि जो कुणालाही गळ्याभोवती दोनदाच नाही तर चारदा गुंडाळता आला असता.

जूनमध्ये मामांच्या मुलाचा समीरला फोन आला. मामांचा कॅन्सर पसरला होता. डॉक्टर महिन्यांच्या नव्हे, आठवड्यांच्या भाषेत बोलायला लागले होते. त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून समीरनं मला हे सांगितलं आणि लगेच म्हणाला, की आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, तिच्या पायाचं हे असं, तिला ताण नको. मीही मान डोलावली. आमच्या घरात वाईट बातमी अशीच येते, आधी अशक्तपणा म्हणून. तेव्हा आईंना सांगितलं, की मामांना थोडा अशक्तपणा आहे, तुम्ही आता जाऊनच या, तेवढाच बदल. आईंनी बरं म्हटलं आणि मफलर बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवला.

काका त्याच संध्याकाळी आले. आई सोफ्यावर पाय स्टुलावर टाकून बसल्या होत्या. काकांनी त्यांच्या पायाची चौकशी केली, चहा घेतला, वही उघडली आणि पेन्सिल कोपऱ्यावर टेकवून मला विचारलं, "आल्झो, फिरायला की भेटायला?"

मी आईंकडं बघितलं. आई माझ्याकडंच बघत होत्या.

"फिरायलाच," मी म्हटलं. "जाता जाता भावाला भेटतील."

काकांनी 'फि' लिहिलं.

नंतर दोन मजले चढून त्यांना खरं सांगता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं. मी गेले नाही. सांगितलं की ते खरं होईल असं काहीतरी मनात होतं, आणि दुसरं कारणही लपवत नाही. समीरच्या कंपनीत त्या वर्षी कामाचे तास कापले होते, पगारही त्या मानानं कमी झाला होता, आणि काकांनी वहीत मांडलेला आकडा मला फार आवडला होता.

आईंबरोबर मी जाणार होते आणि बेत सुंदर होता. पहिल्या दिवशी साध्या गाड्यांनी म्युनिक आणि तिथून साल्झबुर्ग, तेही महिन्याच्या पासावर. साल्झबुर्गला मुक्काम, म्हणजे आईंच्या पायाला विश्रांती. दुसऱ्या दिवशी डोंगरांतून ऑस्ट्रियातलंच फिलाख. तिथं अठरा मिनिटांत गाडी बदलायची आणि सीमेपलीकडं इटलीत ऊदिनेला जायचं. ही सीमेवरची साधी गाडी दिवसातून दोनदाच होती आणि आमची ती दुसरी, म्हणजे शेवटची. ऊदिनेहून त्रिएस्ते तासाभराचं. असे चार तुकडे. आईंसाठी मोठ्या अक्षरांचा कागद झाला. त्यात एक ओळ होती, 'बोगदा मोठा आहे. संपला की उठून दोन फेऱ्या मारा.'

पहिला दिवस ठरल्यासारखा पार पडला. साल्झबुर्गला दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेलेल्या असताना मामांच्या मुलाचा मला फोन आला. रडत नव्हता, पण आवाज सांभाळून बोलत होता. डॉक्टर म्हणाले होते, आज किंवा उद्या. बाबा आत्याची वाट बघतायत, दर थोड्या वेळानं विचारतायत, असं तो म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळी पोचतोय.

दुपारी आमची गाडी डोंगरात थांबली. पुढं रुळावर झाड पडलं होतं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. खिडकीतून हिरवा उतार आणि त्यावर चरणाऱ्या गाई दिसत होत्या, डब्यातले लोक सँडविच काढून खात होते. आई हातातला कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या आणि मला विचारत होत्या, की बोगदा कधी येणार. मी त्यांना येईल येईल म्हणत राहिले. तासाभरानं मी उठले, डब्याच्या टोकाला दाराजवळ गेले आणि काकांना फोन लावला.

फिलाखची गाडी आता चुकणार, असं सांगितल्यावर काका अजिबात घाबरले नाहीत. उलट खुशीतच म्हणाले, की मग फिलाखला राहा, जवळ तळं आहे, वहिनींना तळं दाखव, उद्या सकाळच्या गाडीनं पुढं जा.

मग मी त्यांना सांगितलं. मामांचं, डॉक्टरांचं, आजचं आणि उद्याचं. सांगताना माझा आवाज वाढला असावा, कारण एकदोघांनी वळून बघितलं.  

"मला हे आधी का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं. ओरडून नाही. ते उत्तरासाठी थांबले नाहीत. दहा मिनिटांनी फोन करतो, म्हणाले.

सातव्या मिनिटाला त्यांचा फोन आला. फिलाखच्या स्टेशनबाहेरून एक बस ऊदिनेवरून व्हेनिसला जाते, त्यात दोन जागा घेतल्या होत्या, दाराजवळच्या, म्हणजे आईंना पाय लांब करता येईल. तिकिटं माझ्या फोनवर पाठवली होती. गाडीतून उतरल्यावर उजवीकडच्या जिन्यानं जायचं नाही, टोकाला उतरण आहे तिथून जायचं. आणि ऊदिनेला गाडीची वाट बघत बसायचं नाही, तिथून थेट हॉस्पिटलपर्यंत टॅक्सी करायची.

सत्तर किलोमीटर होतं ते. मी म्हटलं, "काका, टॅक्सीचे किती होतील?"

"किंमत बघायची नाही आता," ते म्हणाले. "कळलं का? बघायचीच नाही."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी डब्यात परत गेले तेव्हा गाडी हलली होती.

बस मिळाली. काकांनी म्हटलं तशाच जागा होत्या. आईंनी पाय लांब केला, चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. सीमा कधी गेली ते कळलं नाही, पाट्यांची भाषा बदलली एवढंच. मग बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गं."

मी त्यांच्याकडं वळले.

"माझ्या पाठच्या भावाचा, बाळूचा आवाज मला फोनवर कळत नाही होय? तुम्ही सांगत नव्हतात, म्हणून मी विचारलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला रडू आलं. त्या दिवशी संध्याकाळी काका वही उघडून आमच्यासमोर बसले होते, आणि खोलीतल्या आम्हा दोघींना खरं ठाऊक होतं, आणि दोघी एकमेकींना जपत बसलो होतो. ज्याला ते कळायला हवं होतं, त्या एकट्या माणसाला आम्ही ते सांगितलं नाही.

उन्हाळा होता, आठ वाजले तरी त्रिएस्तेत उजेड होता. मामांचा मुलगा हॉस्पिटलच्या दारातच उभा होता. मामा शुद्धीवर होते. आई आत गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ताई, जेवलीस का?" आईंनी मफलर काढून त्यांच्या छातीवर पसरला. जून महिना होता, कुणी काही बोललं नाही. नंतर दोघं बराच वेळ बोलत होते, कुणाच्या शेतातली कुठली विहीर, कुठला मास्तर, मला त्यातलं फारसं कळलं नाही. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. मामा तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. तेव्हा आईंचा हात त्यांच्या हातात होता.

परत आल्यावर काका भेटायला खाली आले. आईंच्या समोर बसले, मामांबद्दल दोन शब्द बोलले. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. चूक माझी, म्हणाले, मी विचारलं, पण तुझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

आणि मग त्यांनी लिन्त्सची गोष्ट सांगितली. आधी कुणालाच सांगितली नसावी, असं सांगण्यावरून वाटत होतं, कारण ते मध्येमध्ये थांबत होते.

सांगलीला कॉलेजात त्यांचा एका खोलीतला मित्र होता. दोघं बरोबरच जर्मनीत आले. मित्राला पुढं ऑस्ट्रियात लिन्त्सला नोकरी लागली. तिथं एक दिवस कारखान्यात त्याला अपघात झाला आणि हॉस्पिटलमधून काकांना फोन आला. काका निघाले, तेही आपल्या पद्धतीनं, सीमेवरच्या पासाउपर्यंत एक स्वस्त तिकीट आणि सीमेपलीकडं दुसरं. पहिली गाडी उशिरा पोचली आणि दुसरी निघून गेली. तिकीट गेलं. पासाउच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, की वीस मिनिटांत जलद गाडी आहे, नवीन तिकीट काढावं लागेल, पूर्ण भाड्याचं.

"मी आकडा बघितला," काका म्हणाले. "आणि मला वाटलं, दीड-दोन तासांसाठी एवढे कशाला घालवायचे. दोन तासांनी साधी गाडी होती. तिथं बाकावर बसलो. थर्मासमधला चहा घेतला."

ते पोचले तेव्हा मित्राला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

 आई उठल्या, आत गेल्या आणि मामांसाठी आणलेल्यातल्या उरलेल्या भाजणीचं थालीपीठ लावून आणलं. काकांनी ते मुकाट्यानं खाल्लं. त्या दिवशी मला कळलं, की 'भे' लिहिलेल्या पानावर काका सलग तिकीट काढत असत, मधे दोन दोन तास ठेवत असत, आणि भाड्याचा आकडा समोरच्याला शेवटपर्यंत सांगत नसत.

त्यानंतर त्यांचा प्रश्न तोच राहिला, पण विचारण्याची जागा बदलली. कुणाच्याही घरी गेले की म्हाताऱ्या माणसांच्या गप्पांत थोडा वेळ बसायचे, मग जरा पाणी द्या म्हणून उठायचे आणि पाणी देणाऱ्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात जायचे. तिथं, नळाच्या आवाजात, हळू आवाजात विचारायचे. आणि आता विचारताना तोंडाकडं बघायचे. मी त्यांना एकदा चिडवलं, की काका, तुम्हाला तहान फार लागायला लागलीय. तर म्हणाले, "वय झालं."

या वर्षी फेब्रुवारीत ते हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. मला दोन दिवसांनी कळलं. फोन केला तर आवाज नेहमीसारखा होता, जरा दमलेला. चेकअप आहे, म्हणाले, नुसत्या तपासण्या, शनिवारी घरी येतोय. येऊ का बघायला, असं मी विचारलं. तर म्हणाले, "नको गं, कशाला? थोडा अशक्तपणा आहे."

मी बरं म्हटलं. तुम्ही म्हणाल, तुला तरी कळायला हवं होतं. हवंच होतं. ही आमच्याच घरची भाषा होती, मी त्यात वाढले, मी स्वतः ती त्यांच्यासमोर बोलले, आणि त्यांनी ती माझ्याशी बोलल्यावर मला ओळखू आली नाही. ऑफिसात त्या आठवड्यात काम होतं, मुलीची शाळेत परीक्षा होती. शनिवारी सूप करून घेऊन जाऊ, असं मी ठरवलं आणि त्यासाठी दुधी भोपळाही आणून ठेवला.

काका गुरुवारी संध्याकाळी गेले.

विट्याहून त्यांचा पुतण्या यायचा होता, त्याला व्हिसा मिळेपर्यंत आठवडा लागणार होता. उंटरश्लाइसहाइमचं कुटुंब, बर्लिनची ती मुलगी, सगळ्यांचे फोन आले. प्रत्येकजण विचारत होता, आजारी होते का, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. माहीत कुणालाच नव्हतं. त्यांनी सगळ्यांना जपलं होतं.

दोन दिवसांनी आईंचा नाशिकहून फोन आला. या वेळी समीरनं त्यांना सरळ सांगितलं होतं.

"शेवटी जवळ कोण होतं?" आईंनी विचारलं.

"एक नर्स होती म्हणे."

"तू?"

"नाही, आई. मी गेले नव्हते."

आई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "त्या नर्सला भेटून ये. काही बोलले असतील तर विचार. त्यांचं विचारायला दुसरं कोण जाणार आहे?"

मी सोमवारी ऑफिसातून निघाले आणि थेट हॉस्पिटलला गेले. ती नर्स कामावरच होती, माझ्याच वयाची असेल. आधी तिनं विचारलं, की तुम्ही त्यांच्या कोण. मी शेजारीण म्हणाले. तिनं जरा विचार केला, आजूबाजूला बघितलं आणि सांगितलं, की त्रास झाला नाही, शांतपणे गेले. काही बोलले का, मी विचारलं. बोलले नाहीत, ती म्हणाली, पण संध्याकाळी त्यांनी दोनदा वेळ विचारली. तिनं सांगितली, तर त्यांनी नुसती मान हलवली.

मी तिचे आभार मानले आणि खाली आले. येताना ऑफिसातून आले होते, म्हणून घरी जाताना मी घड्याळ लावलं. यू-बानची, म्हणजे भुयारी रेल्वेची, सहा स्टेशनं. हॉस्पिटलच्या दारापासून आमच्या इमारतीच्या दारापर्यंत एकवीस मिनिटं लागली.